पत्रास उत्तर : व्हॅलेन्सियाला राहायला जायचंय, पण बागेचं काय?

मागच्या अंकात मी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराबद्दल दोन पानं लिहिली होती. मी मूळची वेंगुर्ल्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१८ ते २०२५ अशी सात वर्षं तिथे काढली आणि आता परत गावी आलेय. त्या लेखानंतर इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातली चार निवडलीत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण त्यात जे विचारलंय तेच बाकी निम्म्या पत्रांत आहे.

पहिलं पत्र : मी ३८ वर्षांचा, देवगड तालुक्यात राहतो. पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम गेली चार वर्षं गावच्या घरातून करतोय, महिना दीड लाख हातात पडतात. बायको आणि सात वर्षांची मुलगी आहे. व्हॅलेन्सिया स्वस्त आहे, समुद्र आहे, लोक भात-मासे खातात, म्हणजे कोकणासारखंच की. दीड लाखात तिघांचं भागेल ना? घरी वडील आहेत, ७१ वर्षांचे, आंब्याची १२० कलमं आहेत ती तेच बघतात. मी एकुलता एक. सुरुवात कुठून करू?

दादा, पत्र दोनदा वाचलं. आधी पैशाचंच बोलते कारण गाडी तिथेच अडणार आहे. दीड लाखात तिघांचं भागेल का हे नंतरचं, दीड लाखावर तुम्हाला व्हिसाच मिळणार नाही. घरून काम करणाऱ्या परदेशी लोकांसाठी स्पेनने स्टार्टअप कायद्यातून २०२३ पासून जो व्हिसा सुरू केला, ज्याला सगळे डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणतात, त्याची अट तिथल्या किमान पगाराला बांधलेली आहे. एकट्या माणसाला किमान पगाराच्या दुप्पट कमाई दाखवावी लागते, बायको सोबत आली की त्यात किमान पगाराच्या पाऊणपट वाढते आणि मूल आलं की पावपट. २०२५ साली हा पगार होता ११८४ युरो, पण तो वर्षातून चौदा वेळा धरतात, उन्हाळ्यात एक जादा आणि नाताळला एक जादा, म्हणजे बारा महिन्यांत वाटला तर १३८१ युरो. तुमच्या तिघांचं गणित मांडलं तर महिन्याला साधारण ४१४४ युरो होतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा, चार लाखांच्या वर गेलं. किमान पगार वाढला की हाही आकडा वाढतो, म्हणून अर्ज कराल त्या वर्षीचा बघा.

आणि ते शहर स्वस्त आहे असं जे सांगतात ना, ते लंडन किंवा ॲम्स्टरडॅम सोडून आलेले असतात, देवगड सोडून आलेले नसतात. आम्ही २०१८ला गेलो तेव्हा दोन बेडरूमचा फ्लॅट सातशे युरोला मिळाला होता, निघताना त्याच गल्लीत तसाच फ्लॅट अकराशेच्या खाली मिळत नव्हता. भाजी, फळं, ब्रेड, ऑलिव्ह तेल, बस-मेट्रो हे खरंच परवडतं, दुपारचं ठरावीक जेवण बारा ते पंधरा युरोत पोटभर मिळतं, सरकारी शाळा तिसऱ्या वर्षापासून फुकट आहे. पण भाडं सगळं खाऊन टाकतं. त्यातल्या त्यात एक बरं, २०२३च्या घरांच्या कायद्यानंतर लांब मुदतीच्या भाड्याला एजंटचं कमिशन घरमालकाने द्यायचं असतं आणि असा करार भाडेकरूला हवा असेल तर पाच वर्षांपर्यंत चालतो. म्हणून अकरा महिन्यांचा 'सीझनल' करार कुणी पुढे सरकवला तर सही करू नका, त्यात हे संरक्षण नाही.

आता कोकणासारखंच आहे म्हणालात त्याबद्दल. मलाही जाताना तसंच वाटलं होतं आणि पहिल्या महिन्यात मी रोज संध्याकाळी मालवारोसाच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचे आणि काहीतरी चुकतंय असं वाटत राहायचं, मग एक दिवस लक्षात आलं की सूर्य पाठीमागे बुडतोय. तो किनारा पूर्वेचा आहे. सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळतो डोंगरात. दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. भूमध्य समुद्रात पाणी जेमतेम वीतभर चढतं-उतरतं, त्यामुळे आपण तिथी बघून ओहोटीला तिसऱ्या-शिंपल्या नाहीतर कालवं काढायला जातो तसलं काही तिथे नाहीच, समुद्र कायम एकाच जागी उभा. पाऊस वर्षाला साधारण साडेचारशे मिलीमीटर, आपल्याकडे रत्नागिरीत तीन हजारांच्या वर पडतो. उन्हाळा कोरडा ठणठणीत, पाऊस येतो तो शरद ऋतूत आणि आला की एकदम येतो. घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, खाली टाइल्स, भिंती थंड, बऱ्याच जुन्या इमारतींत सेंट्रल हीटिंग नसतं, त्यामुळे जानेवारीत बाहेर सतरा अंश ऊन आणि घरात मात्र स्वेटर घालून बसायचं, आम्ही केशरी रंगाच्या ब्युटेनच्या सिलिंडरवर चालणारा हीटर घेतला होता आणि तो या खोलीतून त्या खोलीत ढकलत न्यायचो.

एकदम येणाऱ्या पावसाचं मात्र नीट ऐका. २९ ऑक्टोबर २०२४ला मी तिथेच होते. दिवसभर शहरात थेंबही नव्हता, पाऊस पडत होता वर डोंगरात. मोबाइलवर धोक्याचा अलर्ट आला तो रात्री आठ वाजून गेल्यावर आणि तोवर दक्षिणेकडच्या गावांत पाणी घुसलेलं होतं. त्या एका प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. आपल्या चिपळूणने २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं जे पाहिलं तेच चित्र, चिखल, एकमेकांवर चढलेल्या गाड्या, माळ्यावर रात्र काढलेली म्हातारी माणसं. व्हॅलेन्सिया शहर स्वतः वाचलं कारण १९५७च्या पुरानंतर त्यांनी तुरिया नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली आणि जुन्या पात्रात आता नऊ किलोमीटर लांब बाग आहे, माझी मुलगी तिथेच सायकल शिकली. पण पैपोर्ता, कातारोखा, आल्फाफार ही गावं त्या नव्या पात्राच्या पलीकडे आहेत, आणि भाडं कमी म्हणून नवी माणसं बघायला जातात ती याच बाजूला. तिथे घर घेऊच नका असं नाही म्हणत मी, माझ्या चांगल्या मैत्रिणी तिथे राहतात, पण तळमजला घेऊ नका आणि घर बघताना पुराचा नकाशा मागा, सरकारी नकाशे सगळ्यांना बघता येतात. आणि पहिल्या दिवशी घराचा साधा विमा काढा. स्पेनमध्ये पुरासारख्या मोठ्या आपत्तीची भरपाई कोन्सोर्सियो नावाची सरकारी संस्था देते, पण ज्याच्याकडे मुळात पॉलिसी आहे त्यालाच. भाडेकरूचं सामान घरमालकाच्या पॉलिसीत येत नाही.

पगार वाढला किंवा बायकोलाही बाहेरचं काम मिळालं आणि आकडा जमला असं धरू. मग कंपनीकडे जा. कंपनी निदान वर्षभर जुनी हवी, तुम्ही तिच्याकडे निदान तीन महिने हवेत, आणि स्पेनमधून काम करायला परवानगी असल्याचं पत्र हवं. त्याच पत्राच्या वेळी सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे पेन्शन-आरोग्यासाठीच्या सरकारी वर्गणीचं काय करणार ते विचारून घ्या, कारण बहुतेक अर्ज याच जागी लटकतात, कंपनी म्हणते तुमचं तुम्ही बघा आणि कॉन्सुलेट म्हणतं कंपनीने दाखवावं. लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, डिग्री, पोलीस क्लिअरन्स, या सगळ्यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का लागतो आणि मग मान्यताप्राप्त अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच आहे का ते आजच बघा, आमचे चार महिने एका अक्षरापायी गेले.

करांचं थोडक्यात. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तुम्ही तिथले करदाते आणि जगभरातल्या उत्पन्नावर कर. आंब्याचं उत्पन्न आपल्याकडे शेतीचं म्हणून करमुक्त, तिथे ते तसं नाही. शिवाय परदेशातली मालमत्ता एका प्रकारात ५०,००० युरोंच्या वर असेल तर ३१ मार्चपर्यंत त्यांना कळवावं लागतं, बाग नि घर तुमच्या नावावर असेल तर तेही त्यात आलं. नव्याने आलेल्या नोकरदारांना बेकहॅम कायदा म्हणतात ती सवलत मिळू शकते, पगारावर सरसकट २४ टक्के आणि बाहेरच्या मालमत्तेची ही माहितीही द्यावी लागत नाही, पण अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असतो आणि बरेच जण तो चुकवतात. हे काम तिथल्या सल्लागाराकडूनच करा.

आता वडील. दादा, तुमच्या पत्रात किनाऱ्याबद्दल बरंच आहे आणि वडिलांना हे सगळं कसं वाटतं याबद्दल एक शब्द नाही. विचारलंत का त्यांना? कोकणातून माणूस बाहेर जाणं नवीन नाही, गिरण्यांच्या काळात मुंबईला गेला, मग खेड-दापोली-मंडणगडातून कुवेतला, सौदीला गेला, जहाजावर गेला. पण तेव्हा कर्ता जायचा आणि घर इथे राहायचं, चूल पेटती असायची, मनीऑर्डर यायची, गणपतीला सगळे जमायचे. तुम्ही जाणार ते सगळं बिऱ्हाड घेऊन, मागे राहणार एकटा ७१ वर्षांचा माणूस आणि १२० कलमं. मोहोर आल्यापासून फवारण्या, थ्रिप्सची कीड, राखण, उतरवणी, पेट्या, हे त्यांना अजून किती वर्षं झेपेल? माझ्या स्वतःच्या बाबांना मी फोनवर रोज 'बरंय ना' विचारायचे आणि ते रोज 'बरंय' म्हणायचे, परत आले तेव्हा कळलं की दोन वर्षं ते रात्री एकटे जेवतच नव्हते, चहा-बिस्कीट खाऊन झोपायचे. हे आठवलं की मला अजून झोप लागत नाही, म्हणून इतकं सांगतेय.

त्यांना सोबत न्यायचा रस्ता आहे. या व्हिसात तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील धरता येतात, त्यांच्यामागे अजून पावपट कमाई दाखवायची आणि ते खरंच अवलंबून आहेत याची कागदपत्रं. पण ते येतील का? ज्यांनी पन्नास वर्षं झाडं सांभाळली त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, भाषा येत नसताना, काय करायला सांगणार? एखाद्या गुरुवारी दुपारी बारा वाजता त्यांना कॅथेड्रलच्या दारात नेऊन उभं मात्र करा, तिथे शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच बसून पाटाच्या पाण्याची भांडणं तोंडी मिटवतात, शेकडो वर्षं चालू आहे, २००९मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. पाण्याच्या पाळीवरनं होणारी भांडणं ज्याने आयुष्यभर पाहिली त्याला ते न सांगता कळेल.

बागेचं जायच्या आधीच उरका. सातबारा, आठ-अ काढा, आजोबांची नावं अजून असतील तर वारस नोंद करून घ्या, चुलत्यांशी सामायिक असेल तर वाटप कागदावर आणा. अनिवासी झाल्यावर तुमची आधीची किंवा वारसाने आलेली शेतजमीन तुमचीच राहते, पण नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे शेजारचा तुकडा घ्यायचा मनात असेल तर तो आत्ताच. बाग कुणाला करायला देणार असाल तर हंगामाचं फळ विका, जमीन खंडाने देऊ नका, आणि करार लेखी ठेवा, कुळाच्या भीतीने आपल्याकडे कितीतरी बागा ओस पडल्यात ते तुम्हाला मी सांगायला नको. मुखत्यारपत्र द्यायचं तर ठरावीक कामांपुरतंच द्या, विक्रीचा हक्क त्यात घालू नका.

आणि एवढं करून जायचंच ठरलं तर आधी तुम्ही दोघं जानेवारी-फेब्रुवारीत महिनाभर जाऊन राहा. जुलैत सगळ्यांनाच आवडतं. व्हॅलेन्सियाच्या उत्तरेला कास्तेयोन आणि दक्षिणेला कार्ताहेना, आल्मेरिया ही शहरं बघा, तिथे भाडी कमी आहेत आणि माणसाला माणूस ओळखतो. मालागाच्या नादी लागू नका, ते आता महागडं झालंय. पण मालागाच्या पूर्वेला अक्सार्किया म्हणून भाग आहे तिथे वेळ काढून जाच, तिथे आंब्याच्या बागा आहेत. ऑस्टीन नावाची जात, फळ येतं सप्टेंबर-ऑक्टोबरात. मधल्या दुष्काळात तिथलं धरण दहा टक्क्यांच्याही खाली गेलं होतं आणि बागायतदारांनी झाडं डोळ्यांदेखत सुकताना पाहिली. वास हापूसचा नाही हो, पण पान हातात घेतल्यावर मला रडू आलं होतं.

दुसरं पत्र : आम्ही दोघं निवृत्त, गुहागरला राहतो, मी ६८, हे ७२. दोघांची पेन्शन आणि मुंबईच्या फ्लॅटचं भाडं मिळून महिना एक लाख दहा हजार येतात. तिकडे कायमचं राहता येईल का?

काकू, काम न करता राहणाऱ्यांसाठी स्पेनचा वेगळा व्हिसा आहे, त्यात एकाला वर्षाला २८,८०० युरो आणि जोडीदाराचे ७,२०० अशी दोघांची ३६,००० युरोंची सोय दाखवावी लागते, म्हणजे वर्षाला छत्तीस लाखांच्या घरात. तुमचं साडेतेरा लाखांच्या आत बसतंय. शिवाय खाजगी आरोग्य विमा लागतो आणि सत्तरीनंतर नवीन पॉलिसी द्यायला कंपन्या फार खळखळ करतात. एक वर्ष राहिल्यावर सरकारी आरोग्यसेवेत पैसे भरून शिरता येतं, पासष्टीच्या आत महिना ६० युरो आणि नंतर १५७, पण ते पहिलं वर्ष काढायचं कसं?

मला विचाराल तर कायमचं नका, दोन महिन्यांसाठी जा. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या टूरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मार्चच्या सुरुवातीला जा, म्हणजे १५ ते १९ मार्चला फायास हा त्यांचा सण बघायला मिळेल, चौकाचौकांत महिनोन्महिने खपून उभे केलेले प्रचंड पुतळे शेवटच्या रात्री जाळतात, आपल्या शिमग्याच्या होमापाशी जे वाटतं ते तिथे गर्दीत उभं राहून वाटतं. मेमध्ये आंब्याला घरी या.

तिसरं पत्र : हर्णैला बोटीवर आहे, वय २६. एक एजंट साडेसहा लाख मागतो, म्हणतो टूरिस्ट व्हिसावर नेतो, तिकडे मच्छीमार बोटीवर काम लावतो, दोन वर्षांत कागद होतात. जाऊ का?

नको रे बाबा. असा एक रुपया देऊ नको.

तो तुला अर्धं खरं सांगतोय म्हणून ते फसवं आहे. दोन वर्षं स्पेनमध्ये राहिल्याचं दाखवून काही अटींवर कागद करता येतात, मे २०२५पासूनच्या नव्या नियमांत ती मुदत दोन वर्षांवर आणलीय, हे खरं. पण ती दोन वर्षं तू बेकायदा असशील, कायद्याने कामच करता येणार नाही, मग भाडं कशातून भरणार आणि खाणार काय? जे काम मिळतं ते अर्ध्या पैशात आणि मालकाने पैसे बुडवले तर जाब विचारायची सोय नसते. मी असे पोरगे पाहिलेत, एका खोलीत सहा-सहा, घरी आईला व्हिडीओ कॉलवर मागे समुद्र दाखवायचे. सरळ रस्ता असा की तिथल्या मालकाने आधी तुझ्या नावाने वर्क परमिट काढायचं आणि मग तू व्हिसा घेऊन जायचं. एजंटकडे ते परमिट माग, नाही दाखवलं तर उठून ये. समुद्रावरच जायचं असेल तर सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक काढ, मान्यताप्राप्त संस्थेतून कोर्स कर, आणि शिपिंगच्या डायरेक्टर जनरलकडे नोंद असलेल्या कंपनीतर्फेच बोटीवर चढ.

चौथं पत्र : मुलगी लग्न होऊन व्हॅलेन्सियाला गेली, मी पहिल्यांदा जातेय. सावंतवाडीहून तिला काय काय नेऊ? काय अडवतात?

हे पत्र वाचून किती बरं वाटलं. ताई, दूध आणि मांस यांचं काहीही नेता येत नाही, म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर सगळं घरीच ठेवा, तूप तिला तिथे लोण्याचं कढवता येईल. ताजी फळं, भाजी, कढीपत्ता आणि रोपं यांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूसची पेटी विमानतळावर काढून घेतील आणि तुमच्या डोळ्यांदेखत टाकतील, ते बघवत नाही. नारळ आणि केळ्यांना मात्र या नियमातून सूट आहे. सोललेला, आत पाणी असलेला नारळ नीट बघून घ्या, किडका नको.

आमसुलं, आगळ, मालवणी मसाला, तिरफळं, कुळथाचं पीठ, उकडा तांदूळ, आंबापोळी, फणसपोळी हे सगळं मी दर वेळी नेलंय. आगळाची बाटली दोन पिशव्यांत बांधून चेक-इनच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. तांदूळ थोडाच न्या, तिथे अल्बुफेरा तळ्याकाठी भातशेती आहे, त्यांचा बोंबा तांदूळ आखूड आणि जाड असतो, पेज छान होते त्याची.

आणि सुकी मासळी. माणशी वीस किलोपर्यंत मासळी स्वतःच्या खाण्यासाठी नेता येते, सुकीसुद्धा, त्यात कोळंबीही येते. म्हणजे सोडे, सुकट, सुका बांगडा बिनधास्त. ताजे बांगडे आणि तारल्यांसारखे मासे तिला तिथल्या मेर्कादो सेंत्राल या मोठ्या मंडईत मिळतील, माकूल तर आपल्यापेक्षा चांगली मिळते, पण सोडे कुठेच मिळत नाहीत. वास बाहेर येऊ नये म्हणून आधी दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मग वर्तमानपत्रात, मग जाड प्लास्टिकमध्ये, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यावर इंग्रजीत सुकी मासळी असं लिहून चिकटवा. तिला म्हणावं सोडे परतताना खिडकी उघडी ठेव, शेजारचे विचारतील तर त्यांनाही वाटीभर दे, माझ्या वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी चाखून पुन्हा मागितले होते.